पंडितांची साधी मराठी

भातकुलीत बाहेरगावचा माणूस येतो तो बहुधा आदिनाथाच्या दर्शनाला. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याने वसवलेले भोजकट ते हेच, असे इथले जुने लोक सांगतात. आज मात्र हे अमरावतीजवळचे, खारपाणपट्ट्यातले, कपाशी-तुरीचे तालुक्याचे गाव आहे. जैन मंदिराच्या शेजारामुळे ‘सम्यक् दर्शन, सम्यक् ज्ञान, सम्यक् चारित्र’ हे शब्द इथे पुष्कळांच्या कानावरून गेलेले असतात. यातले दर्शन म्हणजे श्रद्धा. तिला पहिले स्थान मिळाले म्हणून ज्ञान गळाले नाही. ते लगेच तिच्या शेजारी येऊन बसले. पूर्णेच्या काठचे ऋणमोचन याच तालुक्यात. गाडगेबाबांच्या लोकसेवेचा आरंभ तिथला. स्वतः निरक्षर असलेल्या या माणसाने आयुष्यभर लोकांना पोरे शिकवण्याची गळ घातली आणि धर्मशाळांच्या बरोबरीने शाळा-वसतिगृहे उभी केली.

मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर तर विद्या आणि श्रद्धा यांच्या नात्याच्या प्रश्नाचे माहेरच. म्हाइंभट विद्वत्तेच्या अभिमानाने चक्रधरस्वामींशी वाद घालायला गेले आणि शेवटी त्यांचे शिष्य झाले. पुढे त्यांनी स्वामींच्या आठवणी गोळा केल्या आणि तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. नागदेवाचार्यांची गोष्टही वऱ्हाडात अनेकांना ठाऊक असते. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशिराजबासांना त्यांनी थांबवले आणि कारण दिले ते चक्रधरांच्या पंथातल्या म्हाताऱ्यांचे. ग्रंथ संस्कृतात गेला तर त्या बिचाऱ्या त्याला मुकतील, एवढेच त्यांचे म्हणणे. केशिराजबास मोठे पंडित होते. त्यांनी ते मानले. ही म्हातारी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

हे सगळे आधी सांगायचे कारण असे, की पुढच्या पानांत ज्या वाङ्मयाची ओळख करून द्यायची आहे ते वरवर पाहता आपल्याला लांबचे वाटते. ते मराठी ख्रिस्ती माणसांचे वाङ्मय आहे. चारशे वर्षांहून जुने असूनही सामान्य मराठी वाचकाच्या ओळखीच्या त्यातल्या गोष्टी दोनच: शाळेत भेटलेल्या ‘क्रिस्तपुराणा’तल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. बाकीचे दालन बंदच राहते. धर्मांतराचा विषय निघाला की मने आखडतात, हे एक कारण. हे सारे मिशनऱ्यांचे प्रचारसाहित्य आहे अशी समजूत, हे दुसरे. दोन्ही कारणे मी समजू शकतो. तरीही वाचकांनी हे दार एकदा ढकलून पाहावे अशी माझी विनंती आहे, कारण आत जी माणसे बसली आहेत त्यांच्यात मराठीतले अतिशय व्युत्पन्न लोक आहेत. पंडिता रमाबाई आणि नीळकंठशास्त्री गोरे यांच्यासारख्यांना शास्त्रे तोंडपाठ होती, वादात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हते, आणि तरी आपल्या विद्येचे आता काय करायचे या प्रश्नापुढे ही माणसे अवघडून उभी राहिली.

हा अवघडलेपणा ख्रिस्ती धर्माच्या जन्मापासूनचा आहे. येशूने निवडलेल्या पहिल्या शिष्यांत गालील सरोवरातले मासे धरणारे होते. ज्ञानी लोकांपासून झाकलेले बालकांना दाखवलेस म्हणून त्याने पित्याचे आभार मानले, असे मत्तयाचे शुभवर्तमान सांगते. आणि तो निरोप दूरदूरच्या शहरांत नेला कोणी? तर गमलिएलच्या पायाशी बसून शास्त्र शिकलेल्या पौलाने. म्हणजे कोळी आणि पंडित दोघेही पहिल्या पिढीतच हजर. पुढे ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात कबूल केले, की न शिकलेले लोक स्वर्ग हस्तगत करतात आणि आम्ही आमच्या विद्येसह रक्तमांसात लोळत राहतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तर्कशुद्ध ईश्वरविद्येचा केवढा तरी डोलारा उभारला, आणि १२७३ च्या डिसेंबरात एके दिवशी लेखणी ठेवली ती ठेवलीच. आपण पाहिले त्यापुढे हे लिहिलेले सारे गवताच्या काडीसारखे आहे, असे त्याने सांगितले. पाश्चात्त्य ईश्वरविद्येचा इतिहास या दोन टोकांमध्ये हेलकावत आला आहे. त्यात आपल्याला फार खोल जायचे नाही; मराठीत काय झाले ते पाहायचे आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. मराठीत हा ताण सिद्धान्ताने सुटला नाही, आणि कोणी तो सुटल्याचा दावाही करू नये. पण तो दिसतो फार स्पष्ट, आणि दिसतो भाषेत. लेखकाने कोणती मराठी निवडली, कोणासाठी निवडली, ती निवडताना आपल्या शिकलेपणातले काय खाली ठेवले आणि काय बरोबर घेतले, एवढेच विचारत वाचत गेलात तर हे वाङ्मय तुमच्याशी बोलू लागेल.

आरंभ एका परक्याने केला. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातल्या विल्टशरचा. जेझुइट पंथाचा हा पाद्री १५७९ मध्ये गोव्याला आला आणि जवळजवळ चाळीस वर्षे इकडेच, बराच काळ साष्टीत राहिला. त्याने कोकणीचे व्याकरण लिहिले, कोकणीत धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे लिहिली. पण मोठी कथा सांगायची वेळ आली तेव्हा मराठी ओवी उचलली. नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्या जागी ऐकायला काही नव्हते. लॅटिन विधी समजत नव्हते, प्रश्नोत्तरांनी रात्र सरत नाही. त्यांना पुराण हवे होते, म्हणून त्याने पुराण दिले. सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, तेही रोमन लिपीत. शिष्य शंका विचारतो आणि पाद्री-गुरू कथा सांगत उत्तर देतो, ही मांडणी आपल्या पुराणांचीच.

शाळेच्या पुस्तकाने स्टीफन्सला मराठीचा भाट करून ठेवले आहे. ती स्तुती सुंदर आहे, पण वाचकांनी तिथेच थांबू नये. युरोपात शिकलेला हा पाद्री स्वतःची लॅटिन विद्या बाजूला ठेवून साष्टीच्या माणसाच्या कानाला काय ओळखीचे वाटेल याचा शोध घेतो, तो भाग मला त्या स्तुतीहून मोठा वाटतो. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने लोकांच्या बोलीवर बंदीचा हुकूम काढला. त्यानंतरही हे पुराण नकलून, पाठ करून टिकले. मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते सोबत नेले आणि १९०७ मध्ये त्याची नवी आवृत्ती मंगळूरलाच निघाली. लोकांनी जीव लावल्याशिवाय कोणता ग्रंथ असा जगतो?

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटते. आता लेखक परका नाही. तो आपल्यातलाच, आणि बहुधा शास्त्री घराण्यातला आहे. यातला मला सर्वांत जवळचा वाटणारा, आणि सर्वांत कमी वाचला गेलेला माणूस म्हणजे नीळकंठशास्त्री गोरे. १८२५ मध्ये झाशीजवळ चित्पावन कुटुंबात जन्म, वाढ काशीत. मिशनऱ्यांना वादात हरवावे म्हणून त्यांनी बायबल वाचायला घेतले. १८४४ मध्ये ख्रिस्ती मताचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथही लिहिला. आणि १८४८ च्या मार्चमध्ये जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाव झाले नेहेम्या. पुढे षड्दर्शनांची तर्काने तपासणी करणारा त्यांचा हिंदी ग्रंथ इंग्रजीतही गेला आणि परदेशातल्या अभ्यासकांनी तो वाचला.

इथे गोष्ट संपली असती तर ती एका वादपटूची गोष्ट झाली असती. पण गोऱ्यांची बुद्धी त्यांना कधी स्वस्थ बसू देईना. ज्या धारेने त्यांनी दर्शने तपासली तीच धार ते स्वतःच्या नव्या श्रद्धेलाही लावत राहिले. १८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंगांबरोबर ते इंग्लंडला गेले, तिथे मॅक्स म्युलरना भेटले, आणि ख्रिस्ती म्हणवणाऱ्या देशातले जीवन पाहून खिन्न झाले. उत्तरायुष्यात पुण्या-मुंबईत ते एका मठवासी संघाच्या सहवासात राहिले, मात्र त्या संघाची अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत. शंका त्यांना शेवटपर्यंत छळत राहिल्या. १८९५ मध्ये मुंबईत ते वारले. त्यांची मुलगी एलन लक्ष्मी लहानपणीच आईला पारखी झाली आणि इंग्रज कुटुंबांत वाढली. तिने इंग्रजीत एक लहानसे प्रार्थनागीत लिहिले. देवाच्या सान्निध्याच्या निवाऱ्यात जीव कसा विसावतो, एवढाच त्याचा आशय. ते देशोदेशींच्या प्रार्थनासभांत गायले गेले. एकाच घरात बापाची न विसावणारी विद्या आणि लेकीची विसावलेली श्रद्धा. यात बापाला कमी लेखण्याचा मोह वाचकांनी आवरावा. शंका बाळगून, त्या लपवून न ठेवता, तरीही श्रद्धा न सोडणे हे मला विसाव्याइतकेच अवघड वाटते.

गोऱ्यांच्या लेखनाने ज्यांच्या मनावर ठसा उमटवला त्यांत पंडिता रमाबाई होत्या, आणि आता आपण या दालनातल्या सर्वांत श्रीमंत भागात आलो आहोत. १८५८ मध्ये गंगामूळच्या रानात जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरात त्या संस्कृत शिकल्या, तेही प्रामुख्याने आईच्या तोंडून. भागवताचे हजारो श्लोक पाठ. दुष्काळात आई-वडील गेले, भाऊ-बहीण पायी देशभर हिंडली, आणि १८७८ मध्ये कोलकात्याच्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले.

त्याच कोलकात्यात त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती मंडळींची सभा पाहिली. आपल्या साक्षीत त्या सांगतात, की लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसलेले पाहिले आणि ही माणसे खुर्च्यांनाच नमस्कार करतात असे या दोघा भावंडांना वाटले. तिथे त्यांना संस्कृत बायबल भेट मिळाले. या तरुण पंडितेने ते उघडले आणि मिटले. आपल्या ओळखीच्या संस्कृताशी त्या भाषेचे काही नाते लागेना, वाचणे म्हणजे वेळ दवडणे वाटले. हा प्रसंग वाचकांनी मनात जपून ठेवावा. विद्वानांसाठी म्हणून मुद्दाम संस्कृतात घातलेला ग्रंथ विदुषीलाच पटला नाही.

१८८३ मध्ये इंग्लंडातल्या वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचा त्यांचा आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. पत्रे इंग्रजीत आहेत, पण ज्यांना जमेल त्यांनी ती जरूर वाचावीत. वडीलधाऱ्या सिस्टरला हवी होती नम्र, आज्ञाधारक श्रद्धा. रमाबाई उत्तर देतात, की मी ख्रिस्ताची आज्ञा मानीन, पण चर्चने रचलेले प्रत्येक वचन माझ्या बुद्धीला आणि विवेकाला न विचारता कसे मानू? त्रैक्याचा सिद्धान्त, जुनी विश्वासवचने, पाद्र्यांचा अधिकार, सगळ्याला त्या हात घालतात. नम्रता या शब्दाच्या आडून केव्हा केव्हा दुसऱ्याची सत्ता बोलत असते, हे त्यांनी ओळखले होते. कोवळ्या वयात पंडितांच्या सभेत उभी राहिलेली ही बाई मठाच्या दारात मुकाट कशी बसेल? ‘विनम्र श्रद्धा’ हे शब्द जिथे भेटतील तिथे विनम्रता कोणापुढे, देवापुढे की माणसापुढे, हा प्रश्न तुम्हीही विचारत जावा. रमाबाईंनी तो आयुष्यभर विचारला.

आणि तरीही त्याच रमाबाई पुढे आपल्या साक्षीत लिहितात, की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या लक्षात आले: आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. बुद्धीने पटलेले आता हृदयाला भेटले. १९०५ मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात जी धार्मिक जागृती झाली, मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, तिने काही जाणकार चक्रावून गेले. ही तीच पंडिता का, असे विचारणारेही होते.

याचे उत्तर त्यांच्या अखेरच्या कामात आहे. पन्नाशीच्या आसपास आलेल्या या विदुषीने हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल एकटीने मराठीत आणायला घेतले. एवढी विद्या ओतायची ती कशासाठी? खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला वाचता यावे, ऐकता यावे म्हणून. आधीच्या भाषांतरांची मराठी त्यांना संस्कृतप्रचुर वाटत होती. वेदान्तात वेगळा अर्थ घेऊन आलेले शब्द त्या कटाक्षाने टाळत, कारण त्यांतले बारीक अर्थ त्यांच्याइतके कोणाला कळत होते? मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी खिळे जुळवले, पाने छापली. मुद्रिते तपासत तपासत रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

ही मराठी सरसकट यशस्वी झाली असे मी म्हणणार नाही. ती अनेक ठिकाणी रुक्ष आहे, मुळाला घट्ट धरून ठेवण्याच्या नादात अडखळते, आणि मंडळ्यांच्या उपासनेत बायबल सोसायटीचे भाषांतरच चालत राहिले. पण नागदेवाचार्यांची म्हातारी सहाशे वर्षांनी पुन्हा एका पंडितेच्या लेखणीसमोर येऊन बसलेली मला या पानांत दिसते. रमाबाईंनी संस्कृत बायबल मिटले होते. उघडले ते तिच्यासाठी.

रमाबाईंची वाट शब्द गाळण्याची, तर नारायण वामन टिळकांची शब्द जवळ घेण्याची. हा फरक या अभ्यासाचा गाभा आहे, म्हणून थोडे सावकाश पाहू. टिळक १८६१ चे, कोकणातल्या करजगावचे. नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकले. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथांचे काम केले, ‘ऋषी’ नावाचे धर्मचर्चेचे मासिक चालवले. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपीय प्रवासी भेटला. निरोप घेताना त्याने नव्या कराराची प्रत दिली. शास्त्र्याने ती शास्त्र्याच्या सवयीने वाचायला घेतली, आणि डोंगरावरील प्रवचनाशी येऊन थांबला. तिथे खंडन करण्याजोगे काही सापडेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला.

टिळकांनी पुढे अहमदनगरला ख्रिस्ती धर्मशिक्षण देण्याचे काम केले, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी भाग सांभाळला, बालकवी ठोंबऱ्यांना घरात ठेवून घेतले. पण मराठी मंडळ्यांना ते हवे आहेत ते त्यांच्या गीतांसाठी. ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक उघडा. त्यांचे नाव पानोपानी दिसते. त्यांनी इंग्रजी चालींना मराठी शब्द चिकटवणे सोडले आणि अभंग धरला. ख्रिस्ताच्या पायाशी आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असे ते सांगत. रमाबाईंना जुने शब्द धोक्याचे वाटले. टिळकांना ते घरचे वाटले. दोघेही संस्कृताचे पंडित, दोघांनाही साध्या माणसाशी बोलायचे होते, आणि दोघांच्या साधेपणाच्या कल्पना एकमेकींच्या उलट. यात कोण बरोबर, हे मला विचाराल तर गायला टिळक आणि तपासायला रमाबाई, असे मी म्हणेन. हे उत्तर पुरेसे नाही, हेही मला ठाऊक आहे. वाचकांनी आपले उत्तर आपण शोधावे.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या प्रत्येकाला त्यात जागा होती. ९ मे १९१९ ला ते गेले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य अपुरे राहिले होते. सुरुवातीचे अध्याय टिळकांचे. पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी.

लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेलेल्या नव्हत्या. पंडिताच्या संसारात त्या अक्षरे जुळवत वाचायला शिकल्या. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले, वर्षानुवर्षांची ताटातूट झाली. त्या परतल्या आणि पुढे ख्रिस्ती झाल्या, त्या नवऱ्याच्या युक्तिवादाने नव्हे. सोवळ्या-ओवळ्याचा धागा त्यांनी स्वतःशी विचार करता करता तोडला: माणसे देवाने केली, जाती माणसांनी. एवढे त्यांना त्यांच्या त्यांनाच उमगले आणि मग पुढचे पाऊल पडले. ‘स्मृतिचित्रे’ आपण हसत वाचतो, आणि हसावेच. टिळकांच्या विसरभोळेपणाच्या गोष्टी तशाच आहेत. पण पुढच्या वेळी वाचताना एक करून पाहा. टिळक जिथे जिथे ग्रंथ घेऊन येतात तिथे लक्ष्मीबाई काय करतात, ते टिपत जा. त्या ग्रंथाला हिणवत नाहीत, त्याच्यापुढे दबतही नाहीत. आपल्या अनुभवाची फूटपट्टी घेऊन शांतपणे मोजतात. १९३४ ते १९३६ दरम्यान हे पुस्तक आले. मराठी गद्याला त्याने जे दिले ते कोणत्याही शास्त्रीबुवांना देता आले नसते. विद्या आणि साधी श्रद्धा एकाच घरात संसार करताना कशा दिसतात, याचे याहून प्रामाणिक चित्र मला माहीत नाही.

आपल्या वऱ्हाडाचा या गोष्टीत वाटा लहान आहे, पण आहे. अकोला, अमरावती, खामगाव या पट्ट्यात अमेरिकेतल्या अलायन्स मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून काम केले. या भागात राहिलेल्या जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या दुःखावर १९०० मध्ये पुस्तक लिहिले. त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. भातकुलीपासून शंभर किलोमीटरच्या आसपास असलेल्या यवतमाळला १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. पुढची तीस वर्षे देशाच्या कानाकोपऱ्यांतून विद्यार्थी यवतमाळला हिब्रू-ग्रीक आणि ईश्वरविद्या शिकायला येत होते. १९८३ मध्ये ती संस्था पुण्याला गेली. कापसाच्या बाजारपेठेच्या या गावात हिब्रू शिकवले जात होते, हे आज आपल्याकडच्या फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम सांगितले. सेमिनरीतून शिकून आलेला तरुण पाळक आणि चाळीस वर्षे तोंडपाठ गीते म्हणत आलेली मंडळीतली आजी, हे दोघे एका उपासनेत समोरासमोर येतात तेव्हा आपल्या या विषयाला पुस्तकाबाहेर तोंड फुटते. पाळक वचनाचा मूळ अर्थ सांगतो. आजीने त्याच वचनाच्या आधारावर नवऱ्याचे मरण सोसलेले असते. दोघांनी एकमेकांचे ऐकले तर मंडळी समृद्ध होते, नाही ऐकले तर दोघेही एकटे पडतात.

ही परंपरा आटलेली नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अनेक वर्षे खपून २०१० मध्ये ‘सुबोध बायबल’ आणले आणि त्याच्या नावातच आपला वाचक कोण ते सांगून ठेवले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले.

आता कोठून सुरुवात करावी? काळाच्या क्रमाने जाऊ नका. ‘क्रिस्तपुराण’ पहिल्याच दिवशी घेतलेत तर जुन्या मराठीने दमछाक होईल. ‘स्मृतिचित्रे’ आधी, मग टिळकांचे अभंग, आणि तेही शक्य तर कोणा गाणाऱ्याकडून ऐकून. मग रमाबाईंची साक्ष. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र यानंतर घ्यावे. १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठी कादंबरीचा आरंभ करणाऱ्या या गृहस्थाने स्वतःच्या मनाची उलथापालथ कशी सांगितली आहे ते त्यात दिसेल. गोरे शेवटी, सवडीने. ते उताऱ्या-उताऱ्याने वाचायचे लेखक आहेत.

वाचताना खटकणारे बरेच भेटेल, हेही आधीच सांगितलेले बरे. वादग्रंथांत परधर्माविषयी कडवट बोल आहेत. ते दोन्ही बाजूंनी बोलले गेले. धर्मांतराने घरे फुटली, आया रडल्या, मुले दुरावली. या माणसांनीही ते दुःख लपवलेले नाही. ही पुस्तके वाचण्यासाठी तुम्ही ख्रिस्ती असण्याची गरज नाही, त्यांच्याशी सहमत असण्याचीही नाही. विद्या हातात आल्यावर माणसाने ती कशी वापरावी हा प्रश्न तुमच्या मनात कधी येऊन गेला असेल, तर तेवढी शिदोरी पुरे.

तेव्हा आज-उद्या सवड काढून ‘स्मृतिचित्रे’ मिळवा. आणि घरात वाचता न येणारी एखादी म्हातारी असेल, तर पहिली दहा पाने तिला मोठ्याने वाचून दाखवा.